फुलांचे सरबत

मुलांनो, मे महिन्यातल्या दुपारी निलंग्याच्या बसस्थानकावर उतरलेला माणूस आधी काय शोधतो? सावली आणि पाणी. आपल्या लातूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. रस्ता तापतो, झळा लागतात, घसा कोरडा पडतो. अशा वेळी घरी आलेल्या पाहुण्याच्या हातात गार सरबताचा पेला दिला, तर त्याचा चेहरा कसा खुलतो, हे तुम्ही पाहिलेच असेल.

लिंबाचे सरबत आणि कैरीचे पन्हे घरोघर करतात. फुलांचे सरबत मात्र आपण बहुधा दुकानातून आणतो. ते घरी करणे अवघड नाही. पण ते टिकते कशामुळे, त्याचा वास जातो कुठे, आणि कोणत्या फुलांच्या वाटेला मुळीच जाऊ नये, हे आधी समजले पाहिजे.

सुरुवात शब्दांपासून करू, कारण या बाबतीत तुम्हाला मराठी शाळेतल्या मुलांपेक्षा जास्त ठाऊक आहे. ‘सरबत’ हा शब्द मराठीत ‘शरबत’ वरून आला, हे तुम्ही लगेच ओळखाल. अरबी भाषेत पिणे या अर्थाचे जे मूळ आहे, त्यातून तो निघाला. इंग्रजीतला ‘सिरप’ हा शब्दही त्याच मुळाचा! ‘गुलाब’ हा फारसी शब्द तर दोन शब्दांचा जोड आहे : गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. म्हणजे ‘गुलाब’चा मूळ अर्थ गुलाबपाणी. आपल्या देशात मात्र ते नाव खुद्द फुलालाच मिळाले. गुल आणि कंद, म्हणजे फूल आणि साखर, मिळून ‘गुलकंद’ झाला.

आता एक गंमत ऐका. अरबी भाषेत ‘ग’ हा उच्चार नाही. त्यामुळे अरबांनी ‘गुलाब’ला ‘जुलाब’ म्हटले. हकीम लोक औषधे अशा गोड पाण्यातून देत. पुढे पोट साफ करणाऱ्या औषधालाच जुलाब म्हणू लागले. आज मराठीत आणि उर्दूतही जुलाब म्हणजे काय, ते मी सांगायला नको! तेव्हा पाहुण्यांना गुलाबाचे सरबत देताना उच्चार सांभाळा.

आणखी दोन शब्द जपून वापरावे लागतात. साखर पाण्यात विरघळवून आटवली, की जो घट्ट गोड रस होतो त्याला मराठीत ‘पाक’ म्हणतात. उर्दूत ‘पाक’ म्हणजे पवित्र, स्वच्छ. उर्दूत या रसाला तुम्ही ‘शीरा’ किंवा ‘चाशनी’ म्हणता. पण मराठी घरात ‘शिरा’ मागितला, तर समोर रव्याचा गरम गोड पदार्थ येईल. या पाठात पाक म्हणजे साखरेचा पाक, एवढे ध्यानात ठेवा.

फुलांच्या सरबताची बाटली म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक लाल बाटली येते. तिची हकिकत थोडक्यात सांगतो. हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी १९०६ साली दिल्लीत ‘हमदर्द’ नावाचा दवाखाना सुरू केला. उन्हाळ्यात लोकांना थंडावा मिळावा म्हणून त्यांनी फुले, फळे आणि वनस्पतींचे अर्क एकत्र करून एक सरबत तयार केले. तेच ‘रूह अफ़ज़ा’. औषध म्हणून सुरू झालेले हे सरबत घरोघर पोहोचले. १९४७ साली देशाची फाळणी झाली. हकीमसाहेबांचे थोरले चिरंजीव हकीम अब्दुल हमीद दिल्लीतच राहिले. धाकटे हकीम मोहम्मद सईद १९४८ साली कराचीला गेले आणि त्यांनी तेथे हमदर्द सुरू केले. त्यामुळे एकाच नावाचे सरबत दोन देशांत तयार होऊ लागले.

आता तुम्ही विचाराल, सरबत दुकानात मिळते, तर घरी कशाला करायचे? एक कारण असे, की घरच्या सरबतात काय आहे ते आपल्याला ठाऊक असते. बाजारातल्या बऱ्याच सरबतांचा गडद लाल रंग वरून घातलेला असतो. घरच्या सरबताचा रंग फिका असतो, पण तो फुलाचा असतो. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. फुलांचा मोसम ठरलेला असतो. आपली गरज मात्र वर्षभराची असते. रमजानचेच पाहा. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. २०१६ साली तो जून महिन्यात सुरू झाला होता. २०२५ साली तो मार्चच्या आरंभी सुरू झाला. मार्चमध्ये गावरान गुलाबाचा बहर असतो. जूनच्या आरंभी झाडे उन्हाने होरपळलेली असतात. गुलाब काही चांद पाहून फुलत नाही. तेव्हा बहरातले फूल पुढच्या महिन्यांसाठी राखून ठेवायचे असेल, तर ते साखरेत ठेवावे लागते.

साखरेतच का? कारण जिथे साखर फार दाट असते, तिथे सूक्ष्मजीवांना जगता येत नाही. बुरशी आणि किण्व हे आपल्या डोळ्यांना न दिसणारे जीव हवेत, हातावर, फुलावर, सगळीकडे असतात. त्यांना वाढायला पाणी लागते. दाट पाकातली साखर त्यांच्या शरीरातलेच पाणी बाहेर ओढून घेते. विज्ञानाच्या पुस्तकात याला परासरण म्हटले आहे. मनुका पाण्यात टाकली की फुगते आणि ती फुगलेली मनुका दाट पाकात टाकली की आक्रसते, तसाच हा प्रकार आहे. पाण्यावाचून सूक्ष्मजीव वाढत नाहीत आणि सरबत टिकते.

पण त्यासाठी साखर पुरेशी हवी. १०० ग्रॅम पाकात कमीत कमी ६५ ग्रॅम साखर असली पाहिजे. हिशेब सोपा आहे. अर्काच्या दुप्पट वजनाची साखर घ्या. २०० ग्रॅम अर्कात ४०० ग्रॅम साखर घातली, तर एकूण वजन ६०० ग्रॅम झाले. त्यात साखर ४०० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ६७ टक्के. खोलीच्या तापमानाला पाण्यात साखर साधारण एवढीच विरघळते. त्याहून जास्त घातली, तर ती गार झाल्यावर तळाशी खडे धरते.

हा हिशेब मी स्वतः चूक करून शिकलो. पहिल्यांदा गुलाबाचे सरबत केले, तेव्हा मला वाटले, एवढी साखर कशाला? म्हणून मी अर्काइतकीच साखर घातली. सरबत चवीला छान झाले. बाटली भरून, बूच घट्ट बसवून मी ती स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. दिवस एप्रिलचे होते. चौथ्या दिवशी दुपारी सगळे झोपलेले असताना ‘फट्’ असा मोठा आवाज झाला. बूच उडून छताला लागले होते, आणि भिंतीवरून गुलाबी फेस ओघळत होता. झाले काय, की पातळ पाकात किण्वांना पाणीही मिळाले आणि खायला साखरही मिळाली. त्यांनी साखरेपासून कार्बन डायऑक्साइड वायू आणि मद्यार्क तयार केला. वायूने बूच उडवले. उरलेले सरबत मी ओतून टाकले. बाटलीत बुडबुडे दिसले, फेस आला किंवा आंबूस वास आला, तर तुम्हीही तेच करा. ‘थोडे उकळून घेऊ म्हणजे चालेल’ असे म्हणू नका.

आता फुलांकडे वळू. सरबताला गावरान गुलाब घ्यावा. त्याला काही जण देशी गुलाब म्हणतात. याचे फूल फिके गुलाबी, पाकळ्या नाजूक आणि पुष्कळ, आणि वास भरपूर. ते तोडल्यावर दुपारपर्यंतही टवटवीत राहत नाही. हारवाल्यांच्या दृष्टीने हा दोष असेल. आपल्याला त्याचे काही नाही.

दुकानात लांब देठाचा, घट्ट कळीचा लालभडक गुलाब मिळतो, तो घेऊ नये. पुण्याजवळच्या मावळ भागात आणि इतरत्र हा गुलाब प्लॅस्टिकच्या मोठ्या घरांत वाढवतात. तो दूरवर पाठवता यावा आणि फुलदाणीत आठवडाभर टिकावा, यासाठी निवडलेला असतो. त्याला वास फारच थोडा असतो. शिवाय तो खाण्यासाठी वाढवलेला नसतो, त्यामुळे त्यावर कीटकनाशके फवारलेली असतात. वरवर धुतल्याने ती सगळी जात नाहीत. देवळाबाहेर किंवा दर्ग्याबाहेर हारांसाठी ठेवलेली फुलेही सरबतासाठी घेऊ नका. आपल्या अंगणातली, कुंडीतली किंवा ओळखीच्या शेतातली, औषध न फवारलेली फुले तेवढी घ्यावीत.

आणि हे नीट लक्षात ठेवा : प्रत्येक सुंदर फूल खाण्याचे नसते. कण्हेर पाहा. तुम्ही तिला कनेर म्हणता. तिची गुलाबी फुले दुरून गुलाबासारखी दिसतात. ती रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात, बागेत, सगळीकडे असते. तिचे फूल, पान, साल, सगळेच विषारी आहे. ते विष हृदयावर परिणाम करते आणि माणूस दगावू शकतो. पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, तीही विषारी. धोतरा विषारी. रुईचा चीकही विषारी. उकळल्याने हे विष जाते असे समजू नका. ज्या फुलाचे नाव घरातल्या मोठ्या माणसाने खात्रीने सांगितले नाही, ते फूल पातेल्यात घालायचे नाही. लहान भावंडांनाही हे सांगून ठेवा, कारण तुम्ही फुलांचे सरबत करताना पाहिले की तीही खेळताना करून पाहतील.

आता कृती. हे काम आईला किंवा आजीला बरोबर घेऊन करा. त्याचे कारण पुढे येईल.

फुले सकाळी लवकर, ऊन चढण्याच्या आत तोडावीत. त्या वेळी वास सर्वांत जास्त असतो. ऊन वाढते तसा तो हवेत उडून जातो. ५० ग्रॅम पाकळ्यांसाठी साधारण २० ते २५ फुले लागतील. फूल लहान असले तर जास्त. पाकळ्या सुट्या करा. देठ, हिरवा भाग आणि मधले पिवळे केसर काढून टाका. पाकळीच्या बुडाशी पांढरा भाग असतो, तो किंचित कडवट लागतो. वेळ असेल तर कात्रीने कापून काढा. आमच्या शेजारच्या खालाजान हे काम गप्पा मारत मारत अर्ध्या तासात उरकतात. मला तेवढ्याच फुलांना दीड तास लागतो. पाकळ्या चाळणीत घेऊन पाण्याखाली हलक्या हाताने धुवा. त्यांत किडे-मुंग्या राहिलेल्या नाहीत ना, ते पाहा.

स्टीलच्या पातेल्यात ३०० मिलिलिटर पाणी उकळा. विस्तव बंद करा, दोन मिनिटे थांबा, मग पाकळ्या टाका आणि लगेच झाकण ठेवा. लोखंडी कढई घेऊ नका. लोखंडामुळे फुलांचा रंग काळपट होतो. बिनकल्हईचे तांब्या-पितळेचे भांडेही नको, कारण पुढे त्यात लिंबू पडणार आहे.

झाकणावर माझा एवढा भर का, ते सांगतो. फुलाचा रंग पाण्यात उतरतो आणि पाण्यातच राहतो. वासाचे तसे नाही. वास देणारे पदार्थ उडून जाणारे असतात. त्यांतले काही पाण्यात विरघळतात, तर काही तेलासारखे असतात आणि पाण्यावर तरंगतात. पाकळ्या उघड्या भांड्यात खळखळ उकळल्या, तर सगळ्या घरात गुलाबाचा घमघमाट सुटतो. आपल्याला आनंद होतो. पण जो वास घरात पसरला, तो सरबतातून गेला!

हे गुलाबाचे तेल कसे हाती लागले, याची एक नोंद खुद्द जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात, म्हणजे ‘तुझुक-ए-जहांगीरी’त, केली आहे. नूरजहानची आई अस्मत बेगम गुलाबपाणी तयार करीत असे. गरम गुलाबपाणी ताटांत ओतल्यावर वर साय धरल्यासारखा तवंग जमतो, असे तिच्या लक्षात आले. तिने तो थोडा थोडा करून गोळा केला. तो इतका सुवासिक होता, की बादशहाने खूश होऊन तिला मोत्यांची माळ दिली. सलीमा सुलतान बेगम यांनी त्याचे नाव ठेवले ‘इत्र-ए-जहांगीरी’. ताटावरचा तो तवंग म्हणजेच गुलाबाचे अत्तर. घरातले रोजचे काम करताना नीट पाहिले, म्हणून ते हाती लागले.

आता आपल्या पातेल्याकडे येऊ. झाकलेले पातेले रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी पाकळ्या फिकट, जवळजवळ पांढऱ्या झालेल्या दिसतील. स्वच्छ मलमलच्या फडक्यातून अर्क गाळा आणि पाकळ्या पिळून घ्या. साधारण एक पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर अर्क मिळेल. रंग पाहून तुमची निराशा होईल. तो गुलाबी नसून तपकिरी किंवा पातळ चहासारखा दिसेल. धीर धरा.

अर्क मोजा आणि त्याच्या दुप्पट वजनाची साखर घाला. २०० मिलिलिटर अर्काला ४०० ग्रॅम साखर. पातेले मंद आचेवर ठेवून साखर विरघळेपर्यंत हलवा. एक उकळी येऊ द्या, वर आलेला मळीचा फेस काढून टाका, आणि अर्ध्या लिंबाचा रस पिळा. आता पाहा! तपकिरी रंग जाऊन गुलाबी रंग उजळतो. लिंबातल्या आम्लामुळे फुलाचा रंग बदलतो. आणखीही एक काम लिंबू करते. आम्ल आणि उष्णता यांमुळे थोड्या साखरेचे दोन सोप्या शर्करांत रूपांतर होते, आणि मग बाटलीत साखरेचे खडे धरत नाहीत.

मोठ्या माणसाला बरोबर घ्या असे म्हटले, ते याच पायरीसाठी. उकळता पाक पाण्यापेक्षा जास्त तापतो आणि अंगावर उडाला तर चिकटून बसतो. भाजलेच, तर ताबडतोब तो भाग नळाखाली किंवा तांब्याने पाणी ओतत पंधरा-वीस मिनिटे धरा. त्यावर टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावू नका. भाजणे मोठे असेल तर डॉक्टरकडे चला.

विस्तव बंद केल्यावर, मूठभर ताज्या पाकळ्या असतील तर त्या गरम पाकात टाका आणि झाकण ठेवा. पहिल्या पाकळ्यांचा जो वास उकळीत गेला, तो या दुसऱ्या पाकळ्या भरून काढतात. पाक पूर्ण गार झाला की पुन्हा गाळा. काचेची बाटली आधी गरम पाण्याने धुऊन उन्हात कोरडी केलेली असावी. ओल्या बाटलीतले चमचाभर पाणीसुद्धा वरचा पाक पातळ करते, आणि तिथेच बुरशी धरते. एवढ्या साहित्यात साधारण ४५० मिलिलिटर सरबत होईल. शीतपेटीत ठेवले तर दोन-तीन महिने सहज टिकते.

तुमच्या घरी एकच झाड असेल आणि रोज तीन-चारच फुले येत असतील, तर? तरीही सरबत होते, फक्त रोज थोडे थोडे काम करावे लागते. काचेच्या कोरड्या बरणीत साखरेचा थर द्या, त्यावर त्या दिवशीच्या पाकळ्या चुरून घाला, त्यावर पुन्हा साखर. रोज असेच करा. साखर पाकळ्यांमधले पाणी ओढून घेते, आणि दोन-तीन दिवसांत बरणीच्या तळाशी गुलाबी रस दिसू लागतो. हीच गुलकंदाची सुरुवात आहे. बरणी भरली, की जेवढी साखर घातली असेल, तिच्या निम्म्या वजनाचे गरम पाणी घालून झाकून ठेवा. सकाळी गाळून एक उकळी द्या, वर लिंबू पिळा. घातलेल्या साखरेचा हिशेब मात्र रोज वहीत लिहून ठेवा, नाहीतर पाणी किती घालायचे ते कळणार नाही. मला ही दुसरी रीत जास्त आवडते. साखरेत मुरलेल्या पाकळ्यांचा वास चांगला राहतो, आणि गाळून उरलेल्या पाकळ्या पोळीबरोबर खाता येतात.

गुलाबाला पाणी लागते. आपल्याकडे नेमकी त्याचीच ओढ असते. २०१६ साली लातूर शहराला पाणी पुरवण्यासाठी मिरजेहून रेल्वेगाडी आणावी लागली होती. एप्रिल महिन्यात पाण्याची पहिली गाडी आली, तेव्हा ती पाहायला लोक जमले होते. अशा वर्षी अंगणातल्या गुलाबाला पाणी कोण घालणार? पण पळसाला कोणी पाणी घालत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बांधावरचा, माळावरचा पळस पाने गाळून टाकतो आणि केशरी फुलांनी भरून जातो. तुम्ही या फुलांना टेसू म्हणता. होळीला लोक यांचाच रंग करतात.

पळसाच्या फुलांचे सरबत महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी करतात. झाडाखाली सकाळी पडलेली ताजी, स्वच्छ फुले वेचा. फुलाच्या बुडाशी असलेली काळपट, मखमली टोपी काढून टाका, कारण ती कडू असते. फुले धुऊन रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी पाणी पिवळे-केशरी होते. ते गाळून त्यात साखर, लिंबू आणि भाजलेल्या जिऱ्याची चिमूटभर पूड घातली की सरबत तयार. वास जवळजवळ नसतो, आणि चव किंचित तुरट. गुलाबाची सर याला नाही, हे मी कबूल करतो. पण उन्हातून आल्यावर पेला लगेच रिकामा होतो. फुले सावलीत वाळवून डब्यात ठेवली, तर मे महिन्यातही उपयोगी पडतात.

जास्वंदीचे सरबत मात्र शाळेत करून दाखवण्यासारखे आहे. लाल, एकेरी पाकळ्यांच्या जास्वंदीची आठ-दहा फुले घ्या. हिरवा भाग आणि मधला दांडा काढा. पाकळ्या पेलाभर गरम पाण्यात टाका. दहा मिनिटांत पाणी जांभळट होईल. थोडे पाणी दोन वाट्यांत घ्या. एकीत लिंबाचे चार थेंब टाका. पाणी एकदम लाल होईल. दुसरीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. ते हिरवट होईल. म्हणजे जास्वंद हे आम्ल आणि आम्लारी ओळखण्याचे दर्शक आहे. सोड्याची वाटी प्रयोगापुरती आहे. ती पिऊ नका. उरलेल्या जांभळट पाण्यात लिंबू आणि साखर घालून लाल सरबत करा आणि त्याच दिवशी संपवा.

आता पिण्याविषयी. दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे ३० मिलिलिटर गुलाबाचे सरबत एका पेल्याला पुरते. ४५० मिलिलिटरमध्ये पंधरा पेले होतात. आपण ४०० ग्रॅम साखर घातली होती. ४०० ला १५ ने भागा. एका पेल्यात जवळजवळ २७ ग्रॅम साखर आली, म्हणजे चहाचे पाच चमचे! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की मोठ्या माणसाने अशी वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर आणखी चांगले. म्हणजे एका पेल्यातच दिवसाची साखर संपली. सरबत टिकण्यासाठी साखर कमी करता येत नाही, हे आपण पाहिले. पण पेल्यात घालताना कमी घालता येते. एक चमचा घाला, पाणी जास्त घाला, वर लिंबू पिळा. घरात ज्यांना मधुमेह आहे, त्यांना हे सरबत आग्रह करून देऊ नका. त्यांच्यासाठी साध्या गार पाण्यात गुलाबाच्या चार धुतलेल्या पाकळ्या टाकल्या, तरी वास येतो.

पाणी मात्र पिण्याचेच हवे. मोहरमच्या सबिलीवर किंवा लग्नात मोठ्या पिंपात सरबत करतात, तेव्हा याकडे दुर्लक्ष होते. पाकात न जगणारे सूक्ष्मजीव पाणी घातलेल्या सरबतात चांगले वाढतात, म्हणून असे सरबत तीन-चार तासांत संपवावे. बर्फाचेही तसेच. कारखान्यातला काही बर्फ मासे किंवा इतर माल गार ठेवण्यासाठी असतो, खाण्यासाठी नसतो. तो ओळखता यावा म्हणून २०१८ साली महाराष्ट्रात अशा बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम झाला. निळसर बर्फ दिसला तर तो पिंपात टाकू देऊ नका.

सरबत थंड दुधातही छान लागते. दूध गरम असेल तर लिंबामुळे ते नासेल. भिजवलेला सब्जा, ज्याला तुमच्या घरी तुखमलंगा म्हणत असतील, तो वर चमचाभर घाला. फिरनीवर किंवा शेवयांच्या खिरीवर चमचाभर सरबत ओतले, तर वेगळी साखर कमी लागते. इफ्तारच्या वेळी बरेच जण आधी खजूर आणि पाणी घेतात, मग सरबत. दिवसभराच्या तहानेनंतर हा क्रम मला योग्य वाटतो, कारण तहान पाण्याने भागते, गोडाने नव्हे.

बाटलीवर चिठ्ठी चिकटवायला विसरू नका. तीवर फुलाचे नाव, तयार केल्याची तारीख आणि साखर किती घातली ते लिहा. एका बाजूला मराठीत ‘गुलाबाचे सरबत’ आणि दुसऱ्या बाजूला उर्दू लिपीत ‘शरबत-ए-गुलाब’ लिहिले, म्हणजे घरात कोणीही वाचू शकेल. आणि बाटली ठेवताना तिचे तोंड ओल्या फडक्याने पुसून घ्या. तोंडाशी एक थेंब राहिला, तरी सकाळी निलंग्यातल्या साऱ्या मुंग्या तुमच्या घरी रांग लावतील.